उज्जैनला गेलात, काय पाहिलेत?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात मंडळाच्या सहल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद वाटून झाला आहे आणि मागच्या खोलीत नाटकवाल्यांची रंगरंगोटी सुरू आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही, असे आधीच सांगून टाकतो. असे प्रत्येक वक्ता सांगतो आणि मग तासभर बोलतो, हे आपल्याला माहीत आहे. पण निदान सांगितल्याचे पुण्य आमच्या पदरात पडू दे.

विषय उज्जैनचा आहे. इंदूरच्या माणसांना उज्जैनबद्दल काय सांगायचे, असे आपल्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसते आहे. पंचावन्न किलोमीटर तर अंतर. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की रात्री त्यांना सराफ्यात खाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महाकालाला न्यायचे, हा आपल्या घराघरांतला शिरस्ता. रांगेत दोन-तीन तास, गाभाऱ्यासमोर काही क्षण, बाहेर आल्यावर पोहे-कचोरी, वेळ उरला तर काळभैरव, आणि संध्याकाळच्या चहाला घरी परत. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो.

गेल्या माघात मंडळाची एक बस घेऊन आम्ही गेलो, तेव्हाही बेत हाच होता. फरक एवढाच, की या वेळी बसमध्ये सात-आठ शाळकरी मुले होती. त्यांतल्या सातवीतल्या एका मुलीने दुपारी जेवताना विचारले, “उज्जैन अडीच हजार वर्षांपूर्वीची राजधानी आहे ना? मग सकाळपासून आपण जे पाहिले त्यातले तेवढे जुने कोणते?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. एकाने महाकाल म्हटले. ती म्हणाली, ते देऊळ अठराव्या शतकात बांधलेले आहे, असे आजोबांनीच सकाळी सांगितले. दुसऱ्याने हरसिद्धी म्हटले, तेही पेशवाईतले. गोपाळ मंदिर तर त्याहून अलीकडचे. मुलगी काही वाद घालत नव्हती, तिला खरेच हवे होते. आम्ही ‘पुढच्या खेपेला दाखवू’ म्हणून वेळ मारून नेली.

मग लाज वाटली म्हणून वाचायला बसलो, आणि चैत्रात व पुन्हा श्रावणात जाऊन आलो, या वेळी मुक्कामाने. उज्जैनात राजाने रात्र काढू नये, कारण तिथला राजा एकच, महाकाल, अशी समजूत आहे. आपल्यापैकी कोणाला तशी अडचण नाही. त्या दोन खेपांमध्ये जे कळले ते आज सांगतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की जुने उज्जैन आजच्या उज्जैनच्या वस्तीत नाहीच. ते शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी, मातीच्या टेकाडांखाली आहे. त्या भागाला गढ म्हणतात. गढकालिकेच्या देवळाला आणि भर्तृहरीच्या गुंफांना आपण रिक्षाने जातो तेव्हा दोन्ही बाजूंना जी उंचसखल जमीन लागते, शेते, मध्येच बाभळी, ती साधी जमीन नव्हे. ती अवंतीची राजधानी आहे. १९३८-३९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. या खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे होते, ज्यांचे नाव बाघच्या लेण्यांच्या कामामुळेही अभ्यासक घेतात. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५६ ते ५८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने पुन्हा खणले. तेव्हा शहराभोवतीचा मातीचा प्रचंड तट आणि त्याबाहेरचा खंदक उघडकीस आला. बुद्धाच्या काळाच्या आसपासचा हा तट. दगड नाही, कोरीवकाम नाही, मातीची भिंत. पण त्या मातीच्या आत चंडप्रद्योताची उज्जयिनी होती, वासवदत्तेचे माहेर होते.

आम्ही तिथे उभे राहिलो तेव्हा पाहण्यासारखे म्हणाल तर काहीच नव्हते. गुरे चरत होती. पावसाने घळी पडल्या होत्या आणि घळीच्या कडेला खापरांचे तुकडे दिसत होते. (उचलू नयेत. आम्ही मुलांना सांगितले, मोठ्यांनाही सांगावे लागले.) फलक शोधावा लागतो. भर्तृहरीच्या गुंफांपाशी गाड्यांची गर्दी होती. तटाकडे आमच्याशिवाय कोणी नव्हते. उज्जैनला जाल तेव्हा पहिली पाच मिनिटे इथे द्यावीत, असे आम्हाला वाटते, कारण इथे उभे राहिल्याशिवाय पुढच्या सगळ्याचा अर्थ लागत नाही.

त्याच बाजूला, शहराच्या ईशान्येला, वैश्य टेकरी आहे. नावावरून नुसती टेकडी वाटते; आहे तो मौर्यकाळातला विटांचा स्तूप. व्यास सुमारे साडेतीनशे फूट, उंची शंभर फुटांच्या घरात. अशोक सम्राट होण्याआधी उज्जयिनीला राज्यपाल म्हणून होता, आणि विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी देवी ही त्याची पत्नी. ती वैश्याची मुलगी म्हणून टेकडीला हे नाव पडले, अशी तिथली आख्यायिका आहे. तिचा मुलगा महेंद्र पुढे बौद्ध धर्म घेऊन लंकेला गेला. सांचीला आपण शाळेच्या सहली नेतो. हा स्तूप सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा पसाऱ्याने कितीतरी मोठा आहे आणि आपल्या दाराशी आहे. त्याच्यावर आता गवत आहे, एवढेच.

आता एक गंमत सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक दर्यावर्द्याने अरबी समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ते ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक. त्यात भडोचच्या बंदराला माल कुठून येतो हे सांगताना तो ‘ओझेने’ हे नाव घेतो. ओझेने म्हणजे उज्जयिनी. इथून अकीक आणि मलमल येते, असे तो लिहितो, आणि शहराची ओळख काय करून देतो? पूर्वीची राजधानी! म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच बाहेरच्या माणसाला हे शहर ‘एके काळची राजधानी’ वाटत होते.

आणि ते त्याचे नशीबच दिसते. नंतर क्षत्रपांनी इथे राजधानी केली, ती गुप्तांनी घेतली. परमारांची सत्ता इथे होती, पण भोजराजा धारेला गेला. सुलतानांच्या काळात माळव्याची राजधानी मांडूला. राणोजी शिंद्यांनी पुन्हा उज्जैनला ठाण मांडले, पण १८१० मध्ये दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला. प्रत्येक वेळी राजधानी गेली आणि शहर राहिले. रोम किंवा आपले हंपी पाहताना जसे ओळीने भग्न वाडे दिसतात तसे इथे दिसत नाहीत, कारण हे शहर ओस पडलेच नाही. लोक राहत राहिले, जुन्या विटा काढून नव्या भिंती बांधत राहिले.

मराठी माणसाला हे शहर परके कधीच नव्हते, हेही इथे सांगितले पाहिजे. पैठणहून उत्तरेला जाणारा प्राचीन मार्ग महेश्वर, उज्जैन, विदिशा असा होता; बौद्ध ग्रंथांत तो याच क्रमाने येतो. सातवाहनांच्या नाण्यांवर एक अधिकचिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार गोळे दिसतात, त्याला अभ्यासक ‘उज्जयिनी चिन्ह’च म्हणतात. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या ताब्यातले मुलूख कोरून ठेवले आहेत, त्यात आकरावंती आहे. आणि एवढे लांब कशाला, चारुदत्त आणि वसंतसेना राहत होते ते हेच गाव. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले आणि आपल्या आजी-आजोबांनी उज्जयिनीच्या रस्त्यावरचे ते सगळे चोर, जुगारी आणि सज्जन नाट्यगृहात बसून ओळखीचे करून घेतले. मागे तालीम करणाऱ्यांनी हे नाटक एकदा मनावर घ्यावे, अशी आमची जाता जाता विनंती.

बरे, मग जमिनीवर जे दिसते ते काय? ते बहुतेक सगळे दुरुस्तीचे काम आहे. आम्हाला सांगायचे आहे ते नेमके हेच. १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशच्या स्वारीत महाकालाचे देऊळ मोडले. त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी, १७३० च्या दशकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते उभे केले. पाचशे वर्षे म्हणजे किती पिढ्या झाल्या, त्याचा हिशेब करून पाहा. एवढ्या काळात देऊळ कुठे होते, देव कुठे होता, हे लोक विसरले नव्हते, म्हणून ते त्या जागी बांधता आले.

देवळात जाल तेव्हा घाई असतेच, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे महाकाल जमिनीच्या पातळीखाली आहे, उतरून जावे लागते. वरच्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर नागचंद्रेश्वर, जो वर्षातून फक्त नागपंचमीला उघडतो. दुसरे म्हणजे कोटितीर्थाच्या कुंडाच्या काठी दोन मिनिटे थांबून शिखर बघा. २०२२ मध्ये महाकाल लोकचे नवे आवार झाले, त्यात सगळ्यांचे फोटो निघतात, आमचेही निघाले. पण कुंडाच्या काठी उभे राहिले की शिखरावर वेगवेगळ्या हातांचे काम दिसते. तिथून बाहेर पडल्यावर चोवीस खांब्यांचे दार जवळच आहे. परमारांच्या काळातले हे मोजक्या वास्तूंपैकी एक. मुलीच्या प्रश्नाला ‘हे घे, हे हजारेक वर्षांचे’ असे म्हणून दाखवता येईल असे. आम्ही चाळीस वर्षांत शेकडो वेळा त्याच्या शेजारून गेलो होतो.

हरसिद्धीला गेलात तर देवीच्या आधी अंगणातल्या दोन दीपमाळा पाहाव्यात. पन्नास फुटांच्या आसपास उंच, हजाराच्या वर दिव्यांच्या. उत्तरेकडच्या देवळात अशी दीपमाळ नसते, जेजुरीला असते. ज्यांनी ती बांधली त्यांना गावची आठवण येत असणार.

पण आपल्या पूर्वजांची सगळ्यात खोल खूण दगडात नाही, पंचांगात आहे. इंदुरात आपल्या सगळ्यांच्या घरी दरवर्षी हा घोळ होतो: शेजारच्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. कामवाली बाई सावन सोमवारचे उपवास धरते तेव्हा आपल्याकडे अजून आषाढ चालू असतो. महाकालाची सवारी श्रावणातल्या दर सोमवारी निघते, हे आपल्याला माहीत आहे. पण कोणत्या श्रावणातल्या? दोन्ही! उत्तरेकडच्या सावनाच्या पहिल्या सोमवारी ती सुरू होते आणि आपला श्रावण संपेपर्यंत, म्हणजे त्यांच्या भादव्याच्या अमावास्येपर्यंत, चालते. म्हणून सवाऱ्या चार-पाच न होता सहा-सात होतात आणि शेवटची सगळ्यात मोठी सवारी मराठी श्रावणात येते. शिंद्यांच्या राज्यात हे ठरले आणि राज्य गेल्यावरही कोणी बदलले नाही. यंदा आम्ही मुद्दाम शेवटची सवारी पाहायला गेलो. पालखी रामघाटावर जाते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते, आणि परतताना गोपाळ मंदिरापाशी थांबते. गर्दीत आमच्या शेजारी उभ्या असलेल्या माळवी बाईंना आम्ही ही पंचांगाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “ये तो हमको पता ही है, ये तो मराठों का सावन है.” आम्ही त्यांना माहिती द्यायला निघालो होतो!

गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधले, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. भर बाजारात आहे, आजूबाजूला भांडी, कापड, पूजेचे सामान. आतल्या चांदीच्या दारांबद्दल सांगतात, की ती सोमनाथची, गझनीला गेली आणि महादजींनी लाहोरहून परत आणली. हे दारापाशी ऐकायला छान वाटते. इतिहास म्हणून आम्ही त्याची हमी घेत नाही. त्यापेक्षा वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री जमले तर जा. महाकालाची पालखी इथे कृष्णाकडे येते, आणि बेलाची व तुळशीची अदलाबदल होते. शंकराला तुळस, विष्णूला बेल. वर्षातून एकदा, त्याच रात्री.

दुरुस्तीचे एवढे कौतुक केले, तर दुसरी बाजूही इथेच सांगावी लागेल, नाहीतर मुले मोठी झाल्यावर आम्हाला खोटे ठरवतील. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहरातून जबर खंडणी वसूल केली. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये शिंद्यांतर्फे सर्जेराव घाटगे इंदूरवर आले. त्यांनी शहर लुटले आणि आपला राजवाडा जाळला. राजवाड्याला लागलेली ती पहिली आग. म्हणजे ज्या दोन घराण्यांनी माळव्यातली देवळे, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या, त्याच दोन घराण्यांनी एका वर्षात एकमेकांच्या राजधान्या उद्ध्वस्त करायचे ठरवले. आपल्यातली काही घरे शिंदेशाहीतली, काही होळकरशाहीतली. लग्नांत अजून त्यावरून चेष्टा चालते. चालू दे. पण त्या वर्षी उज्जैनच्या बाजारातल्या वाण्याला खंडणी मागणारा आणि इंदूरच्या बाजारातल्या वाण्याचे दुकान फोडणारा, दोघेही मराठीत बोलत होते.

आता आमच्या सगळ्यात आवडत्या जागेकडे येतो. तिथे आम्ही साठी उलटल्यावर पहिल्यांदा गेलो, हे कबूल करायला हरकत नाही. जिवाजी वेधशाळा. जंतरमंतर म्हणून रिक्षावाला नेतो.

जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार होते तेव्हा त्यांनी ही बांधली. दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा आणि उज्जैन अशा त्यांच्या पाच वेधशाळा. मथुरेची आज शिल्लक नाही. उज्जैनच का, तर भारतीय ज्योतिषाची शून्य रेखांशाची रेषा इथून जाते असे मानलेले होते. आज जग ग्रीनिचपासून मोजते, तसे आपले जुने गणिती उज्जयिनीपासून मोजत. वराहमिहिर याच अवंतीतला. जयसिंहांनंतर वेधशाळा पडीक झाली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. हे आपटे ‘सर्वानंद करण’ या ज्योतिषग्रंथाचे कर्ते. तिथले शंकुयंत्र त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेले आहे. १९४२ पासून तिथून दरवर्षी ग्रहांच्या स्थितीचे पंचांग निघते. म्हणजे हीही दुरुस्तीच, आणि ही नुसती दुरुस्ती नव्हे, बंद पडलेले यंत्र परत चालू करणे.

चालू म्हणजे खरोखर चालू. सम्राट यंत्र ही विटा-चुन्याची तिरकी भिंत आहे, वर जायला पायऱ्या. भिंतीचा उतार मनाला येईल तसा दिलेला नाही; उज्जैनचे अक्षांश २३ अंश ११ कला, तेवढाच तो उतार, म्हणजे भिंतीची वरची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि तिचे टोक ध्रुवाकडे. दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले पट्टे, त्यांवर तासांच्या आणि मिनिटांच्या खुणा. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्ट्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या.

माघातल्या सहलीत बसवाल्याने घाई केली म्हणून आम्ही इथे अर्धाच तास होतो. मुलांनी सावली पाहिली आणि ओरडले, “चूक आहे! घड्याळात अकरा वाजलेत आणि इथे दहा वाजून एकोणीस मिनिटे!” आमच्यातले एक निवृत्त ओव्हरसियर आहेत, त्यांनी पाटीवरचा तक्ता पाहून मुलांना हिशेब करायला लावला. आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेने. उज्जैन पाऊणशे अंशांच्या थोडे पुढे. मधल्या पावणेसात अंशांना सूर्याला सत्तावीस मिनिटे लागतात. राहिली चौदा. पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या गतीने फिरत नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो चौदा मिनिटे मागे असतो. सत्तावीस आणि चौदा एक्केचाळीस. अकरात एक्केचाळीस मिनिटे कमी केली की दहा एकोणीस. मुले गप्प झाली. मग प्रत्येकाला स्वतः जाऊन सावलीच्या कडेवर बोट ठेवायचे होते.

शेजारी नाडीवलय यंत्र आहे, जाड दगडी जात्यासारखे, दोन तोंडांचे. सहा महिने उत्तरेच्या तोंडावर ऊन असते, सहा महिने दक्षिणेच्या. २२ सप्टेंबरच्या सुमारास जा; ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना दिसते. आणि २१ जूनला दुपारी शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त अगदी उशाशी आहे. मृगाचे आभाळ असले तर तेवढ्यासाठी केलेली खेप फुकट जाते, हे मात्र आधी सांगून ठेवतो. आमची गेली.

वेळ असेल तर शहराच्या बाहेर आठ किलोमीटरवर क्षिप्रेच्या बेटावरचा कालियादह महाल पाहा. माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात बांधला. नदीचे पाणी वळवून दगडी कुंडांतून खेळवले आहे. बावन्न कुंड म्हणतात. अकबर आणि जहांगीर इथे येऊन गेल्याचे फारसी लेख एका ओसरीत आहेत. जहांगीर उज्जैनला जदरूप नावाच्या गोसाव्यालाही भेटला होता. इतक्या लहानशा गुहेत हा माणूस कसा शिरतो, याचे त्याला फार नवल वाटले आणि त्याने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवले. पेंढाऱ्यांच्या काळात महालाची वाताहत झाली, १९२० मध्ये पुन्हा माधवराव शिंद्यांनी तो नीट केला. आता पुन्हा पडझड आहे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, वयस्कर मंडळींनी काठावरूनच पाहावे. येताना भैरवगढला छिप्यांच्या घरी बाटिकची छपाई बघता येते. आमच्या बसमधल्या महिलांनी तिथे जेवढा वेळ घेतला तेवढा वेधशाळेला मिळाला असता तर, असो.

विष्णू श्रीधर वाकणकरांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भीमबेटकाची चित्रे १९५७ मध्ये जगासमोर आणणारे वाकणकर उज्जैनचे. उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवर कायथा गाव आहे. तिथली चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती त्यांनीच शोधून खणली. विक्रम विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन त्या मुलीला कायथ्याची मडकी दाखवायचे आम्ही ठरवले आहे. उज्जयिनी राजधानी व्हायच्याही आधीचे काहीतरी तिला हातभर अंतरावरून पाहता येईल.

आता शेवटची जागा. रामघाट. तिथे तीर्थपुरोहितांच्या वह्या असतात, हे आपल्याला माहीत आहे. गाव आणि आडनाव सांगितले की ते पान काढतात. श्रावणातल्या खेपेला आम्ही सहज एकांपाशी बसलो. आपल्या मंडळातल्या एका जुन्या घराण्याचे नाव सांगितले. त्यांनी कपड्यात गुंडाळलेली लांबट वही उघडली, बरीच पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवले. “ये आपके लोग.” नावे देवनागरीत वाचता येत होती ती अलीकडची, आमच्या ओळखीची; १९५० नंतरची. त्याच्या आधीचे अर्धे पान मोडीत. पुरोहित म्हणाले, आजोबांना वाचता येत असे, वडिलांना थोडे, मला येत नाही. आमच्यात नऊ जण होते, वयाने पन्नास ते अठ्ठ्याहत्तर. नऊंपैकी कोणालाही त्या पानावरचे एक नावसुद्धा लावता आले नाही. एकांनी ‘श्री’ ओळखला.

आम्ही परवानगी घेऊन पानाचा फोटो काढला आहे. मागच्या टेबलावर तो मोठा करून ठेवला आहे, जाताना पाहावा. आपल्या मंडळात किंवा नात्यागोत्यात कोणाला मोडी वाचता येत असेल, थोडी का होईना, तर त्यांनी विसर्जनाच्या आधी कार्यालयात नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. पुरोहितांनी बाकीच्या वह्या दाखवायची तयारी दाखवली आहे. कार्तिकात आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि त्या बसमध्ये एक जागा त्या वाचणाऱ्या माणसासाठी रिकामी ठेवली आहे.